हलालचा हिशेब फक्त सुरीपाशीच सुरू होतो का?

संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतून सुटलेले कामगार बोईसर स्टेशनकडे निघाले की रस्त्याच्या कडेला भुर्जी-पावच्या गाड्यांवर तवे तापू लागतात. कोणी यूपीचा, कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणी विक्रमगड-जव्हारकडून आलेला. दिवसभर केमिकलच्या किंवा कापडाच्या कारखान्यात राबलेल्या माणसाला कमी पैशांत पोटभर आणि ताकदीचं काही हवं असेल तर अंड्याशिवाय दुसरं काय आहे? मटण परवडत नाही, डाळही महागली. अंडं हे गरिबाचं मटण आहे, आणि आमचा त्यावर काडीचाही आक्षेप नाही.

पण त्याच गाडीवर किंवा शेजारच्या किराणा दुकानात एकदा विचारून बघा, ‘भाऊ, हे अंडं कुठून आलं?’ तो आजचा भाव सांगेल. फार तर ठोक व्यापाऱ्याचं नाव सांगेल. अंडं देणारी कोंबडी कुठं होती, कशी होती, हे त्यालाही ठाऊक नसतं आणि आपणही कधी विचारत नाही. चिकन घेताना मात्र आपण विचारतो, ‘हलाल आहे ना?’ आणि विचारायलाच हवं. आज आम्हाला एवढंच मांडायचं आहे की हा प्रश्न अर्धाच विचारला जातो. जनावर मेलं कसं, हे आपण विचारतो. ते जगलं कसं, हे विचारायचं राहून जातं.

अंडी येतात कुठून?

महाराष्ट्र अंडी खाण्यात पुढे आणि पिकवण्यात मागे आहे. राज्याच्या पशुसंवर्धन खात्यानेच जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं होतं की राज्यात रोज सव्वादोन कोटींच्या आसपास अंडी लागतात आणि तयार होतात त्यातली निम्मी, म्हणजे रोज सुमारे एक कोटी अंड्यांची तूट. ही तूट तेलंगणा, कर्नाटक, तामिळनाडूतून ट्रकने येणारा माल भरून काढतो. देशात वर्षाला १४० अब्जांहून जास्त अंडी तयार होतात आणि त्यात आंध्र प्रदेश पहिल्या नंबरवर आहे. तेव्हा बोईसर-पालघरच्या ताटातलं पांढरं अंडं बहुतेक वेळा शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेलं असतं. कोंबडी नजरेआड असते, म्हणून तिचा प्रश्नही नजरेआड राहतो.

ही पांढरी अंडी देणारी कोंबडी म्हणजे ‘लेअर’, बहुतेक व्हाइट लेगहॉर्न जातीपासून तयार केलेली. आपल्या पाड्यांवर अंगणात फिरणारी गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही थांबून थांबून. लेअर वर्षाला तीनशेच्या वर देते, म्हणजे जवळजवळ रोज एक. टरफलाला लागणारं कॅल्शियम खाद्यातून पुरलं नाही की ते तिच्या हाडांतून जातं. म्हणूनच अंडी देऊन थकलेल्या लेअर कोंबडीची हाडं इतकी ठिसूळ असतात की हाताळताना मोडतात.

तिचं आयुष्य असं असतं. हॅचरीत पिल्लं बाहेर आली की पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे केले जातात. लेअर जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही फार धरत नाही, म्हणून तो धंद्याला नकोच असतो. त्याला त्याच दिवशी यंत्रात चिरडून किंवा गुदमरवून मारलं जातं. मादी पिल्लांच्या चोचीचं टोक तापलेल्या पात्याने कापलं जातं, कारण पुढे दाटीवाटीत त्या एकमेकींना टोचून जखमी करतात. चार महिन्यांच्या झाल्या की त्यांना तारेच्या पिंजऱ्यात टाकतात. पिंजरे रांगेने, एकावर एक. खाली मातीऐवजी तारेची जाळी, तीही उतरती, म्हणजे अंडं आपोआप पुढे घरंगळत येतं. कोंबडीला अंडं घालण्याआधी आडोसा लागतो, पायाने माती उकरायची असते, धुळीत लोळायचं असतं, रात्री उंचावर बसायचं असतं. यातलं काहीही तिला दीड वर्षात एकदाही करता येत नाही. साधारण ७२ ते ८० आठवडे झाले आणि अंडी कमी झाली की तिला ट्रकमध्ये कोंबून स्वस्तात विकलं जातं. त्यातल्या कित्येक कोंबड्यांचा शेवट आपल्याच मोहल्ल्यातल्या चिकनच्या दुकानात होतो. तिथे बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरते आणि आपण म्हणतो, माल हलाल आहे.

अर्धा ट्रे जागा

तिला जागा किती मिळते, ते आकड्यांत सांगून समजणार नाही. घरी तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असेल तर समोर ठेवा. तो साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद, म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. आपल्या देशात वर्षानुवर्षे एका कोंबडीला ४५० चौरस सेंटिमीटर जागा पुरेशी मानली गेली. म्हणजे त्या ट्रेचा बरोबर अर्धा भाग. त्यावर एक कोंबडी, रात्रंदिवस, वर्ष-दीड वर्ष. पंख पसरणं सोडाच, धड वळताही येत नाही.

कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये साफ लिहिलं आहे की जनावराला हालचाल करायला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही राज्यांना कळवलं होतं की असे पिंजरे या कलमाचा भंग करतात आणि २०१७ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने बंद करावेत. ते झालं नाही. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली. जुलै २०१७ मध्ये न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २६९ वा अहवाल खास अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवरच दिला. शेवटी २०२३ मध्ये केंद्राने अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी नियम काढले. त्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली आणि जुन्या शेडना बदल करायला पाच वर्षांची मुदत दिली.

५५० म्हणजे किती? झेरॉक्सच्या ए-फोर कागदापेक्षाही कमी. अर्ध्या ट्रेवरून आपण पाऊण ट्रेपर्यंतसुद्धा पोचलो नाही. युरोपीय संघाने साधे बॅटरी पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. तिथे पिंजरा ठेवायचाच असेल तर प्रत्येक कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर, शिवाय बसायला दांडी आणि अंडं घालायला आडोसा द्यावा लागतो. जर्मनीने २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली आणि अंड्यातच नर-मादी ओळखण्याची पद्धत आणली.

आणि आपल्याकडे कायदा मोडला तर शिक्षा? कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. पन्नास रुपयांत आज डझनभर अंडीही येत नाहीत. हजारो कोंबड्यांची शेड चालवणाऱ्याला या दंडाची काय भीती वाटणार?

दयेचं राजकारण

इथे काही वाचक आम्हाला अडवतील. म्हणतील, प्राण्यांवरच्या दयेच्या नावाखाली आधीच काय कमी सोसतोय आपण? २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल-वळू कापण्यावरही बंदी आली. खाटीक आणि कातडी-हाडांचा धंदा करणारे बेरोजगार झाले. गोरक्षणाच्या नावाने हायवेवर गाड्या अडवल्या जातात. बकरी ईद जवळ आली की एकाएकी सगळ्यांना बकऱ्याचा कळवळा येतो. वर्षभर ज्यांना जनावर दिसत नाही त्यांना तीन दिवस फक्त आपलंच जनावर दिसतं. मग आता कोंबडीचा विषय काढून तुम्ही त्यांच्याच हातात काठी देताय का?

ही तक्रार खोटी नाही. उलट आम्ही तर म्हणू की कोंबडीच्या पिंजऱ्याने या ढोंगाचं माप निघतं. जो समाज ईदच्या एका दिवसावर वर्तमानपत्रांची पानं भरतो, तो रोज कोट्यवधी अंडी खाताना त्या पिंजऱ्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. लेअरचे मोठे फार्म, हॅचऱ्या, खाद्य कारखाने कुठल्या एका समाजाचे नाहीत. त्यात पैसा मोठा आहे, म्हणून तिथे दया गप्प बसते.

पण दुसऱ्याचं ढोंग दाखवून आपली जबाबदारी संपते का? आमच्या मते नाही. एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच १९६० च्या कायद्याच्या कलम २८ मध्ये धर्माने सांगितलेल्या पद्धतीने जनावर मारणं हा या कायद्याखाली गुन्हा धरलेला नाही. जबिहाच्या पद्धतीला हा कायदा हात लावत नाही. म्हणजे पिंजऱ्याबद्दल बोललो तर उद्या जबिहावर गदा येईल, ही भीती कायद्याच्या भाषेत टिकत नाही. उलट जिवंत जनावराच्या हालांबद्दल आपणच आधी बोललो तर जबिहाबद्दल बोलताना आपला आवाज जास्त सच्चा वाटेल.

आपली शिकवण काय सांगते?

यात नवीन काही नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत जनावराच्या मरणाइतकंच त्याच्या जगण्याबद्दलही सांगितलेलं आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मदरशात, घरात, जुम्याच्या बयानात ऐकत आलो. त्या बाईचा गुन्हा मांजर मारण्याच्या पद्धतीत नव्हता. तिने मांजरीला खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही, कोंडून ठेवलं, हा तो गुन्हा होता. दुसरी हदीस तर थेट कोंबडीचीच आहे. काही तरुण एका कोंबडीला बांधून तिच्यावर नेम धरत होते. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) तिथून चालले होते. त्यांनी सांगितलं की असं करणाऱ्यावर प्रेषितांनी लानत केली आहे. जबिहाबद्दलचा हुकूमही हेच सांगतो की सुरीला धार असावी, जनावराला आराम मिळावा. कुरआनने जमिनीवरच्या जनावरांना आणि उडणाऱ्या पक्ष्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. आणि जिथे हलाल खायला सांगितलं तिथे त्याच्या जोडीला ‘तय्यिब’, म्हणजे शुद्ध आणि चांगलं, हा शब्दही ठेवला.

आम्ही मुफ्ती नाही. पिंजऱ्यातलं अंडं हराम आहे असं आम्ही म्हणत नाही आणि तसं म्हणायचा आम्हाला अधिकारही नाही. आमचं म्हणणं एवढंच की ‘हलाल’च्या शिक्क्यावर समाधान मानून ‘तय्यिब’चा प्रश्न कपाटात ठेवणं बरोबर नाही.

जव्हार-मोखाड्याचं अंडं

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त गंभीर आहे. पिंजरे मोठे केले तर अंडं महागेल, आणि अंडं महागलं तर गरिबाच्या पोटावर पाय येईल.

पालघर जिल्ह्यात राहून हा आक्षेप हलक्यात घेता येत नाही. हा तोच भाग आहे जिथे १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने लेकरं दगावली आणि सगळा देश हादरला. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत इथल्या आदिवासी गावांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण मिळतं आणि अंगणवाडीतल्या लहान मुलांना अंडी. दुसरीकडे शाळांमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं देण्याचा निर्णय झाला, पण जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला आणि अंडा पुलाव द्यायचा असेल तर लोकवर्गणी काढा म्हणून सांगितलं. मोखाड्याच्या पाड्यावर कोणाकडून वर्गणी काढायची?

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. कोंबडीच्या दयेचं नाव पुढे करून मुलांच्या ताटातलं अंडं काढून घेणाऱ्यांच्या बाजूला आम्ही नाही. लेकराला अंडं मिळालंच पाहिजे.

पण महागाईचा हिशेबही नीट मांडायला हवा. समजा एका शेडमध्ये ४५० च्या मापाने दहा हजार कोंबड्या आहेत. ५५० चं माप लावलं तर त्याच शेडमध्ये सुमारे ८,१८० बसतील. कोंबड्या कमी झाल्या म्हणून शेडचा आणि पिंजऱ्यांचा खर्च दर अंड्यामागे वाढेल, हे खरं. पण अंड्याच्या खर्चातला दोन-तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा मका-सोयाबीनच्या खाद्याचा असतो, आणि कोंबड्या कमी तर खाद्यही कमी. तेव्हा जागा २२ टक्क्यांनी वाढली म्हणून अंडं २२ टक्क्यांनी महागणार नाही. पूर्ण मोकळं, पिंजराविरहित अंडं मात्र आज बाजारात दुप्पट किंवा त्याहून जास्त भावाने मिळतं आणि ते बोईसरच्या कामगाराला परवडणार नाही, हेही आम्ही मान्य करतो. म्हणून सुरुवात ज्याला परवडतं त्याच्यापासून आणि सरकारी खरेदीपासून व्हावी. भुर्जीच्या गाडीवर उभ्या असलेल्या माणसाला दोषी धरू नये.

दाटीची किंमत कोण मोजतो?

स्वस्त अंड्याची एक किंमत अशी आहे जी भावफलकावर लिहिलेली नसते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथल्या पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. २०२१ मध्ये तेच नवापूर पुन्हा त्याच संकटात सापडलं. त्याच फेब्रुवारीत पालघरमध्ये कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला आणि इथली चिकनची दुकानं २१ दिवस बंद ठेवण्याचा हुकूम आला. पुढच्या वर्षी शेजारी शहापूरला आणि मग वसई-विरारकडे तेच झालं.

बर्ड फ्लू जंगली पक्ष्यांकडूनही येतो, मोकळ्या कोंबड्यांनाही होतो. सगळा दोष पिंजऱ्याला देणं बरोबर नाही. पण एका छपराखाली हजारो कोंबड्या खेटून असल्या की आजार एकदा आत शिरल्यावर थांबत नाही, आणि मग एकच उपाय उरतो, सगळ्या मारा. २०२१ मध्ये भरपाईचा दर मोठ्या लेअर कोंबडीला ९० रुपये आणि अंड्याला ३ रुपये होता. शेडवाल्याला एवढं तरी मिळालं. २१ दिवस शटर पाडून बसलेल्या दुकानदाराला, त्याच्याकडे कोंबड्या साफ करणाऱ्या पोराला, भुर्जीच्या गाडीवाल्याला काय मिळालं? यात आपली माणसं बरीच होती, हे वेगळं सांगायला नको.

औषधांचंही तसंच. दाटीत आजार दाबून ठेवायला आणि वजन वाढवायला अँटिबायोटिक वापरली गेली. माणसाच्या शेवटच्या उपायासाठी राखलेलं कोलिस्टिन हे औषधसुद्धा खाद्यातून दिलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्राने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. अशा औषधांना न जुमानणारे जंतू तयार झाले तर ते श्रीमंत-गरीब, हिंदू-मुसलमान बघणार नाहीत.

मग करायचं काय?

अंडी सोडा असं आम्ही म्हणत नाही. पण हातात असलेल्या काही गोष्टी आहेत.

पहिली, सरकारी खरेदी. अंगणवाडीची अंडी ठेकेदाराच्या ट्रकमधूनच यायला हवीत असं कुठे आहे? विक्रमगड, जव्हार, डहाणूच्या पाड्यांवर बायका कोंबड्या पाळतातच. गिरिराज, वनराज यांसारख्या अंगणात वाढणाऱ्या जाती गावठीपेक्षा जास्त अंडी देतात. बचत गटांना लस, पिल्लं आणि ठरलेला भाव मिळाला तर निदान आसपासच्या अंगणवाड्यांचं अंडं पाड्यातूनच येऊ शकतं. पैसा पाड्यात राहील, अंडं ताजं मिळेल आणि कोंबडी मातीत फिरेल.

दुसरी, माहिती. जिल्ह्याचं मुख्यालय पालघरलाच आहे. पशुसंवर्धन कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात विचारा, जिल्ह्यात लेअरच्या शेड किती, त्यांत कोंबडीमागे जागा किती, २०२३ च्या नियमांनंतर किती तपासण्या झाल्या. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असायला हवी असा २००१ चा नियम आहे. ती बकरी ईदच्या आधीच तेवढी जागी होते की वर्षभर काम करते, हेही विचारा.

तिसरी, आपली दुकानं. हलालचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी जनावराच्या जगण्याचे प्रश्नही आपल्या तपासणीत घालावेत. खाद्यात काय होतं, जागा किती होती, वाहतूक कशी झाली? आणि चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यापासून आपण आजच सुरुवात करू शकतो. मे महिन्याच्या उन्हात दुकानाबाहेर खच्चून भरलेला तो पिंजरा, त्यात पाण्याचं भांडं नाही, आणि एका कोंबडीसमोर दुसरी कापली जातेय. हे दृश्य बोईसरलाही दिसतं, मनोरलाही. ते बदलायला सरकारी निर्णय लागत नाही. थोडी सावली, पाणी, एक आडोसा आणि धारदार सुरी एवढंच लागतं.

चौथी, जुम्याचं बयान. मांजरीची हदीस सांगताना इमाम साहेबांनी एकदा लेअरच्या पिंजऱ्याचं नाव घेतलं तर ती चौदाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आजची वाटेल.

भुर्जीच्या गाडीवरचा कामगार उद्याही अंडी खाईल, आम्हीही खाऊ. त्याचं ताट रिकामं न करता त्या कोंबडीला अर्ध्या ट्रेपेक्षा जास्त जागा देणं, हे एका रात्रीत होणार नाही. पण दुकानात ‘हलाल आहे ना?’ विचारताना त्याला आणखी एक प्रश्न जोडायला तर पैसे पडत नाहीत. ‘भाऊ, ती जगली कशी होती?’